जुन्या रिव्हॉल्व्हरचे झिजलेले पार्ट बदलताय? मग या चुका टाळा

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळी साडेसातला काकांबरोबर रेंजवर गेलो होतो, पुण्यातली ती थंडी, हाताची बोटं आखडलेली. काकांकडे .३२ चं जुनं टॉप-ब्रेक (मधून मोडून उघडणारं) रिव्हॉल्व्हर आहे, लायसन्स त्यांच्या नावावर, शिरूरकडे ऊस आहे आणि तिकडे बिबट्याचा वावर कायमचाच, म्हणून फार वर्षांपूर्वी घेतलेलं. सहा राउंड भरले आणि सहापैकी दोन फुटलेच नाहीत, नुसता टक्क आवाज. काकांनी नळी टार्गेटकडेच धरून तीस सेकंद थांबून मग उघडलं (हे सगळ्यांनीच करावं, काडतूस कधीकधी उशिरा पेटतं, लगेच उघडायला जाऊ नका आणि पुन्हा चाप तर अजिबात ओढू नका). काडतुसाच्या बुडावर फायरिंग पिनचा, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या टोकाचा, खड्डा पडला होता पण उथळ. काका म्हणाले, "स्प्रिंग गेली रे, बदलून टाकू." मी भोसरीत टूलरूमला बावीस वर्षं काढलीत, मलाही तेच वाटलं.

मग बारा वाजता परत नंबर लागला, ऊन चांगलं तापलेलं, आणि बाराच्या बारा राउंड व्यवस्थित गेले.

तिथून आम्ही कॅम्पातल्या चाचांकडे गेलो. चाचांकडे शस्त्र दुरुस्तीचं लायसन्स आहे, भिंतीवर फ्रेम करून लावलंय, वय पंचाहत्तरच्या पुढे, नजर अजून बारीक. त्यांनी रिव्हॉल्व्हर हातात घेण्याआधी दोनच प्रश्न विचारले, सकाळी किती वाजता मिस झालं आणि तेल कुठलं लावता. काका म्हणाले खोबरेल. चाचांनी मान हलवली आणि म्हणाले, "बीमारी कळली. पार्ट नको बदलू, तेल बदल." खोबरेल तेल साधारण २४ डिग्रीच्या खाली गोठतं, डिसेंबरात आपल्या न्हाणीघरात बाटली उपडी केली तरी तेल पडत नाही हे आपण सगळ्यांनी बघितलंय, तेच तेल हॅमर (चाप ओढला की आपटणारा घोडा) ज्या पिनवर फिरतो तिच्याभोवती आणि स्प्रिंगच्या खोबणीत गोठून बसलं होतं, हॅमर पडताना त्यातून वाट काढत पडत होता, जोर कमी पडत होता. उन्हात तेल पातळ झालं की सगळं सुरळीत. आम्ही चांगली स्प्रिंग काढून फेकणार होतो.

त्या दिवसापासून मी चाचांकडे बसून बसून बरंच शिकलोय, म्हणजे बघून शिकलोय, हात त्यांचेच. आणि लोक काय काय करून आणतात तेही बघितलंय. ज्यांच्याकडे आजोबांचं, वडिलांचं जुनं रिव्हॉल्व्हर आहे त्यांच्यासाठी मनापासून लिहितोय, कारण यातली एकेक चूक महागात पडते, आणि काही चुका पैशात मोजता येत नाहीत.

घरी उघडून बसणं

सगळ्यात आधी हे, कारण बहुतेकांना माहीतच नसतं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक-रिव्हॉल्व्हर दुरुस्त करायला वेगळं लायसन्स लागतं. तुमच्याकडे बाळगायचं लायसन्स आहे म्हणजे दुरुस्तीचं आहे असं होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडून शस्त्र बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, टेस्ट करणं याला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. कुणी म्हणेल मी माझंच तर उघडतोय, पण हा धोका घ्यायचाच कशाला. माझ्याकडे लेथ आहे, सरफेस ग्राइंडर आहे, हात बसलेला आहे, तरी मी काकांच्या रिव्हॉल्व्हरचा एक स्क्रू फिरवत नाही. गावाकडचा लोहार, ओळखीचा फिटर, सोसायटीतला हौशी इंजिनिअर, यातलं कुणीच नको. गच्चीवर जाऊन एक राउंड मारून बघू हे तर विचारातही आणू नका.

मालकाचं काम काय मग? नळी आणि सिलिंडरची (काडतुसं भरायच्या फिरत्या गोल भागाची) भोकं साफ ठेवणं, बाहेरून तेलाचा हात फिरवणं, लक्षणं नीट बघून लिहून ठेवणं, योग्य माणसाकडे देणं आणि परत घेताना तपासणं. हे पाचही नीट करणारा माणूस मला क्वचित भेटतो.

ऑनलाइन पार्ट मागवायचा मोहही आवरा. कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात आणि बाहेरून आणायला आयातीचं लायसन्स लागतं. परदेशातल्या साइटवर स्प्रिंगचा सेट स्वस्त दिसतो, कार्टमध्ये टाकायला दोन मिनिटं लागतात, पण कस्टममध्ये पार्सल उघडलं की उत्तरं तुम्हाला द्यायची असतात. दुरुस्तीवाल्यालाच पार्ट मागवू द्या.

रोग न ओळखता पार्ट बदलणं

खोबरेलाचा किस्सा वर सांगितलाच. पण त्याच्या पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. काडतूस न फुटण्याची कारणं स्प्रिंग सोडून कितीतरी असतात. फायरिंग पिनचं टोक झिजलेलं किंवा तुटलेलं असतं. हॅमरच्या खाली कचरा साठलेला असतो. सिलिंडर पुढे-मागे हलत असतो, म्हणजे पिन आपटली की काडतूस सिलिंडरसकट पुढे सरकतं आणि मार वाया जातो. आणि कधीकधी काडतूसच जुनं असतं, कपाटात वीस वर्षं पडलेलं, पावसाळे खाल्लेलं. बुडावर 'केएफ' शिक्का असलेलं, म्हणजे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं, १८६९ पासूनचा कारखाना तो, माल चांगलाच, पण कुठलंही काडतूस ओल लागली की बिघडतं. तेव्हा आधी ताजी काडतुसं घेऊन बघा, मग रिव्हॉल्व्हरला दोष द्या.

चाचा एक साधी गोष्ट करायला सांगतात, वही ठेवा. कुठल्या तारखेला, सकाळी की दुपारी, कितवा राउंड, कुठल्या भोकातला, खड्डा खोल की उथळ की बाजूला. खड्डा मध्यभागी पण उथळ असेल तर जोर कमी आहे, आणि खड्डा एका बाजूला सरकलेला असेल तर सिलिंडर नळीच्या रेषेत येत नाहीये. दोन्हीचे इलाज पूर्ण वेगळे. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं वाटत नाही" म्हटलं तर तो तरी काय करणार.

सहा भोकं वेगवेगळी तपासायची असतात

हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो कारण इथे टूलरूमचं डोकं कामाला येतं, म्हणून जरा लांबलं तर चालवून घ्या.

रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रिगर ओढला की एक छोटा दांडा वर सरकतो, त्याला पॉल किंवा हँड म्हणतात, तो सिलिंडरच्या मागच्या दातेरी चकतीला ढकलतो आणि सिलिंडर एक घर पुढे जातो. त्याच वेळी एक खुंटी सिलिंडरच्या खाचेत बसते आणि सिलिंडर जागेवर अडकतो. हे सगळं हॅमर सुटायच्या आत व्हायला पाहिजे. यालाच टायमिंग म्हणतात. पॉलचं टोक झिजलं किंवा चकतीचे दाते झिजले की सिलिंडर पोचायच्या आधीच हॅमर पडतो, भोक आणि नळी एका रेषेत नसतात, गोळी कडेला घासून आत शिरते, शिशाचे तुकडे बाजूने उडतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या गालाला बारीक काहीतरी टोचलं अशी तक्रार आली की लगेच थांबायचं, त्या दिवशी पुन्हा एकही राउंड नाही.

काकांच्या रिव्हॉल्व्हरला तेल बदलल्यावर खड्डे खोल पडायला लागले, पण मी वहीत बघितलं तर सहापैकी एकाचा खड्डा दर वेळी थोडा डावीकडे. चाचांनी सिलिंडर उघडून सहाही भोकं रिकामी आहेत हे स्वतः बघितलं, मग मला दाखवलं, मग काकांना दाखवलं, तिघांनी बघितल्याशिवाय त्यांच्या टेबलावर काम सुरूच होत नाही आणि काडतुसं त्या खोलीत ठेवूच देत नाहीत. मग पांढऱ्या मार्करने भोकांवर एक ते सहा नंबर टाकले. भोकांत नकली काडतुसं घातली, पिनला आधार मिळावा म्हणून. डाव्या हाताचं बोट सिलिंडरवर अगदी हलकं टेकवलं, ब्रेक लावल्यासारखं, आणि हॅमर अंगठ्याने इतका हळू मागे घेतला की मला वाटलं थांबलेत. एक नंबर, खट्. दोन, खट्. तीन, खट्. चार नंबरला हॅमर मागे जाऊन अडकला पण ती खाचेत बसण्याची खट् आलीच नाही. बोटाने किंचित ढकलल्यावर आली. केसभर अंतर होतं. पाच आणि सहा ठीक.

आता यावरून काय कळतं ते बघा. सहाही घरं उशिरा येत असती तर दोष पॉलचा, कारण पॉल सगळ्यांना सारखाच ढकलतो. एकच घर उशिरा येतंय म्हणजे त्या घराचा दाता झिजलाय. म्हणजे नुसता पॉल बदलून चार नंबर सुधारला असता पण बाकीचे पाच घट्ट झाले असते, ट्रिगर जड झाला असता, आणि मग कुणीतरी तो पॉल घासून बाकीच्यांना जमवला असता की चार नंबर परत उशिरा. हे चक्र मी मशीनच्या इंडेक्सिंगमध्ये, म्हणजे भाग ठरावीक टप्प्यांनी फिरवण्यात, शंभरदा बघितलंय.

आणि झालंही नेमकं तसंच होतं. चाचांनी पॉल काढून भिंगाखाली दाखवला, त्याच्या टोकावर फाईलच्या रेघा, आडव्या, वाकड्या. फार वर्षांपूर्वी काकांनी कुणाकडून तरी तो बदलून घेतला होता, त्याने नवीन पॉल घासून घासून पाच घरांना जमवला आणि उरलेलं एक, म्हणजे चार नंबर, सोडून दिलं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. जुन्या रिव्हॉल्व्हरचे पार्ट बाइकच्या पार्टसारखे पाकिटातून काढून लावायचे नसतात. त्या काळी ते हाताने बसवलेले असायचे, एकेका तुकड्याला एकेका फ्रेमशी जुळवलेलं. म्हणून नवीन पॉल मुद्दाम थोडा मोठा येतो आणि तो थोडा थोडा घासून, दर दोन हातांनी परत लावून, सहाही घरं तपासून बसवावा लागतो. एकदा जास्त घासला गेला की संपलं, दुसरा आणा. जो दुरुस्तीवाला "अर्ध्या तासात लावून देतो" म्हणतो त्याच्याकडून नम्रपणे परत यावं.

आणखी एक, सिलिंडर तपासताना ट्रिगर सोडलेल्या अवस्थेत थोडा हलला म्हणून घाबरून जाऊ नका. खरी तपासणी हॅमर खाली आणि ट्रिगर पूर्ण मागे दाबून धरलेला असताना, कारण गोळी सुटते तेव्हा परिस्थिती तीच असते. हे अर्थातच रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर.

सिलिंडर पुढे-मागे हलतोय का हे न बघणं

टूलरूमवाल्यांना हे लगेच कळेल. सिलिंडरचं तोंड आणि नळीची मागची कड यात बारीक फट असते, साधारण ४ ते ८ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.१० ते ०.२० मिमी. फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजायची. पण एकदाच मोजू नका, सिलिंडर मागे दाबून एकदा आणि पुढे दाबून एकदा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे सिलिंडरचा पुढे-मागे होणारा खेळ. बरेच जण फक्त फट मोजतात, ती बरोबर दिसते आणि खेळ सुटतो. खेळ जास्त असेल तर पातळ शिम (धातूची बारीक चकती) घालून काढतात, दोन थाऊच्या असतात, पण शिम घातली की फटही बदलते, तेव्हा दोन्ही परत मोजायचं. कागदावर आकडा लिहून द्या म्हणून दुरुस्तीवाल्याला सांगायला लाजू नका, चांगला माणूस खूश होतो.

आपल्याकडे कानपूरच्या आयुध निर्माणीतली .३२ ची रिव्हॉल्व्हर बरीच आहेत, ती वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या घराण्यातली, मधून मोडणारी. या प्रकारात अजून एक जागा झिजते, बिजागरीची पिन आणि वरची कडी जी नळीला फ्रेमशी धरून ठेवते. बंद केल्यावर नळी हातात धरून हलकेच वर-खाली, डावी-उजवी करून बघा. खडखड वाटली तर आधी कडी आणि बिजागरी, बाकी सगळं नंतर. कारण नळीच हलत असेल तर टायमिंग जुळवून काय उपयोग, आज जुळेल उद्या सुटेल. आणि ही कडी आपल्याकडेच जास्त झिजते त्याचं कारण सवय, लोक मनगटाला झटका देऊन फटकन बंद करतात. दोन हातांनी हळू बंद करा. काकांनी चाळीस वर्षं तसंच केलंय, आता मी आठवण करून देतो.

स्प्रिंग हलकी करणं

ट्रिगर जड लागतो म्हणून स्प्रिंग घासून किंवा कापून हलकी करून घेणारे खूप. वेब्लीच्या घराण्यात मेनस्प्रिंग सपाट आणि व्ही आकाराची असते, पत्र्यासारखी. तिच्यावर आडवी फाईल मारली की आडवी रेघ पडते आणि तिथूनच तडा जातो, हे कुठल्याही स्प्रिंग स्टीलचं आहे. शिवाय ती काढतानाच जास्त वाकवली तर तुटते, तिला दाबून धरायची वेगळी पकड लागते, प्लायरने ओढून काढायची नसते. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीच्या मोठ्या जुन्या मॉडेलांत सपाट स्प्रिंगला हँडलच्या पुढून एक स्क्रू ताण देतो, तो सैल करून ट्रिगर हलका करायची युक्ती लोक सांगतात, मग तो हळूहळू अजून सैल होत जातो आणि एक दिवस काडतूस फुटत नाही. तुमच्याकडे असं रिव्हॉल्व्हर असेल आणि मिसफायर होत असेल तर दुरुस्तीवाल्याला आधी हा स्क्रू बघायला सांगा, कितीदा तरी रोग तिथेच सापडतो.

आणि ज्याने स्वसंरक्षणासाठी ठेवलंय त्याने ट्रिगर हलका करायचा नादच सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे. घाबरलेल्या हातात हलका ट्रिगर फार वाईट.

सीअर पॉलिश करणं

हॅमर मागे ओढून अडकवला की तो एका अगदी बारीक कडेवर उभा असतो, त्या कडेच्या भागाला सीअर म्हणतात. ती कड झिजली की काय होतं, हॅमर मागे अडकवलेला असताना अंगठ्याने मागून ढकलला तर तो ट्रिगर न दाबताच पडतो. ही तपासणी दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर करून घ्या, आणि हॅमर पडला तर ते रिव्हॉल्व्हर घरी परत न्यायचं नाही, दुरुस्त होईपर्यंत तिथेच राहू दे.

आता चूक कुठे होते, तर पॉलिश पेपर किंवा ऑइलस्टोन घेऊन ती कड "गुळगुळीत" करण्यात. जुन्या पार्टांत कडकपणा बऱ्याचदा फक्त वरच्या थरात असतो, केस हार्डनिंग. तो थर घासला गेला की आतलं लोखंड मऊ, दोन-तीनशे वेळा चाप ओढल्यावर कड परत गोल. सुरुवातीला मात्र ट्रिगर लोण्यासारखा लागतो, त्यामुळे माणूस खूश होऊन घरी जातो. टूलरूममध्ये आम्ही डायच्या कडेला उगाच स्टोन लावणाऱ्या पोराला ओरडतो ते याच कारणाने. सीअर झिजला असेल तर बदला, किंवा ज्याला हार्डनिंग-टेम्परिंग येतं त्याच्याकडून नीट करून घ्या. मधला रस्ता नाही.

उरलेला पार्ट

ही चूक भयंकर आहे कारण ती दिसत नाही. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरमध्ये एक पातळ पट्टी असते, हॅमर ब्लॉक, ट्रिगर पूर्ण दाबल्याशिवाय हॅमरला काडतुसापर्यंत पोचू देत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, एका जहाजावर रिव्हॉल्व्हर खाली पडून गोळी सुटली आणि एक नाविक गेला, त्यानंतर त्या कंपनीने हा भाग नव्याने बसवला. आता गंमत नाही, काळजीची गोष्ट अशी की हा भाग परत लावायला विसरलात तरी रिव्हॉल्व्हर व्यवस्थित चालतं. ट्रिगर ओढला जातो, सिलिंडर फिरतो, सगळं छान. फक्त हातातून फरशीवर पडलं तर हॅमरला अडवणारी ही पट्टी नसते. चाचांकडे एकदा एक गृहस्थ काडेपेटीत ही पट्टी घेऊन आले होते, म्हणाले दुसरीकडे सर्व्हिसिंग केलं तेव्हा हे उरलं होतं, तसंच दोन वर्षं वापरतोय. दोन वर्षं कमरेला लावून फिरत होते ते. चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून त्यांना पाणी दिलं.

खूप जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये असा भाग मुळातच नसतो. तुमचं तसं असेल तर हॅमरखालचं घर रिकामं ठेवा, सहाच्या जागी पाच. हे नक्की विचारून घ्या.

उरलेल्या पार्टवरून अजून एक, स्क्रू. स्मिथ अँड वेसनची बाजूची प्लेट काढली की तीन-चार स्क्रू निघतात, दिसायला सारखे पण प्रत्येक आपापल्या जागेचा, एखादा तर मुद्दाम घासून तिथेच बसवलेला. अदलाबदल झाली की सिलिंडर ज्यावर बाहेर उघडतो तो दांडा अडकतो किंवा सैल पडतो, आणि मग लोक पॉल-स्प्रिंग-सीअर सगळं बदलत बसतात. स्क्रूची खाच आधीच चावलेली दिसली तर समजा आधी कुणीतरी आत हात घातलाय, दुरुस्तीवाल्याला ते दाखवा. आणि प्लेटच्या कडेला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्याची खूण असेल तर तेही. ती प्लेट उचकटायची नसते, स्क्रू काढून फ्रेमवर लाकडी मुठीने हलके ठोके दिले की स्वतःहून वर येते.

पॉलिश, तेल, कव्हर

पार्ट बदलून झाले की लोकांना वाटतं आता बाहेरूनही नवं करू, बफिंग मारून पुन्हा ब्लूइंग, म्हणजे तो निळसर-काळा रंग चढवणं. यात नंबर पुसट होतो. ओळख-नंबर पुसणं, बदलणं हा कलम ८ खाली गुन्हा आहे, आणि तुम्ही चमक आणायला केलं होतं हे सांगत फिरावं लागेल. जुन्या रिव्हॉल्व्हरचा उडालेला रंग तसाच राहू द्यावा, तो मला तरी देखणा वाटतो.

तेलाबद्दल थोडक्यात. खोबरेल नाही, मोहरीचं नाही (ते तर डिंकासारखं चिकट होतं), देवापुढच्या समईचं तेल नाही. बंदुकीचं तेल नसेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल बरं, तेही थेंबभर. स्प्रे मारून आत भरपूर तेल ओतलं की ते काडतुसाच्या बुडातून आत झिरपू शकतं आणि मग परत मिसफायर, परत स्प्रिंगला शिव्या.

चामड्याच्या कव्हरमध्ये कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेलं मीठ-रसायन त्यात राहतं, जून ते सप्टेंबर पुण्यात कपाट उघडलं की वास येतो ना, तीच ओल. २०२४ ला लोकसभेच्या आणि मग विधानसभेच्या आचारसंहितेत काकांना रिव्हॉल्व्हर जमा करायची नोटीस आली होती, दोन्ही वेळा आम्ही कव्हरसकट दिलं. परत आल्यावर कव्हर काढलं तर जिथे चामड्याची शिलाई टेकत होती बरोबर त्या रेघेवर गंजाचे ठिपके. आम्हीच तेलाचा हात फिरवून, तेल लावलेल्या सुती कापडात गुंडाळून, कव्हर घरी ठेवून द्यायला हवं होतं. आता तसंच करतो.

परत घेताना घाई

दुरुस्तीला देताना पावती घ्या, त्यावर रिव्हॉल्व्हरचा नंबर नीट लिहिलाय का बघा, लायसन्सवरच्या नंबराशी जुळवा. ज्याचं लायसन्स त्यानेच न्यायचं आणि त्यानेच आणायचं, मुलाला-पुतण्याला हातात पिशवी देऊन पाठवू नका. काका येतात तेव्हा मी फक्त स्कूटर चालवतो, रिव्हॉल्व्हर आणि लायसन्स दोन्ही त्यांच्याजवळ.

काढलेले जुने पार्ट बघायला मागा. कुठे झिजले ते बोटाने दाखवायला सांगा. मग तिथेच, रिकाम्या अवस्थेत, सहाही घरं एकेक करून हळू ओढून बघा, पहिल्यांदा लिहिलेली वही शेजारी ठेवून. चाचणीचे राउंड त्यांच्या लायसन्सप्रमाणे त्यांनी मारले असतील तर रिकामी काडतुसं बघा, खड्डा मध्यावर आहे का. आणि नंतर पहिल्यांदा रेंजवर गेल्यावर सहा भरू नका, एक भरा, मग दोन.

चार नंबरच्या दात्यासाठी चाचांनी दातेरी चकती मागवलीय, त्यांच्या लायसन्सवर, यायला वेळ लागतोय. ती आली की तिला जुळवून पॉलही नवा बसवणार, दोन्ही एकत्र. रिव्हॉल्व्हर तोवर त्यांच्याच तिजोरीत आहे, पावती काकांच्या लायसन्समध्ये घडी करून ठेवलीय, आणि काका दर रविवारी फोन करून विचारतात, "आली का रे चकती?"